महेश्वर-मंडलेश्वरची खासगी सहल : गाइड उत्तम, आखणी सदोष

साताऱ्याहून आत्या आणि आतोबा मार्गशीर्षात आमच्याकडे इंदुरात आले, तेव्हा त्यांची एकच इच्छा होती, ती म्हणजे अहिल्याबाईंचे महेश्वर नीट समजून घेऊन पाहण्याची. आम्हा इंदूरकरांचे महेश्वर म्हणजे सकाळी निघायचे, नर्मदेत डुबकी मारायची, घाटावर डबा उघडायचा, जमल्यास एखादी साडी घ्यायची आणि दिवेलागणीला परतायचे. मी लहानपणापासून पंधरा-वीस वेळा तरी तिथे गेलो असेन. पण पाहुण्यांना काय सांगायचे असा विचार करू लागलो, तेव्हा 'हा वाडा, हा घाट' यापुढे माझी मजल जाईना. म्हणून या खेपेस इंदुरातल्याच एका पर्यटन संस्थेकडून सात आसनी गाडी, चालक आणि दिवसभरासाठी मराठी बोलणारा परवानाधारक गाइड अशी खासगी सहल ठरवली. टोलसह ७,८०० रुपये झाले. जेवण, नाव आणि इतर किरकोळ खर्च वेगळा. आम्ही पाच जण होतो, म्हणजे माणशी १,५६० रुपये पडले. एवढ्या पैशात काय मिळाले आणि काय मिळायला हवे होते, ते सविस्तर लिहितो, कारण घरी वयस्कर पाहुणे आले की हा प्रश्न अनेकांना पडत असणार.

संस्थेच्या छापील कार्यक्रमात ओंकारेश्वर आणि महेश्वर एकाच दिवसात होते. हा बेत कोणी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ओंकारेश्वर हे ज्योतिर्लिंग. तिथे दर्शनाच्या रांगेत किती वेळ जाईल ते कोणाच्याच हातात नसते, आणि दोन्ही गावे मिळून सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटरचा फेरा होतो. पंचाहत्तरीची आई बरोबर असताना दिवसाचा निम्मा भाग गाडीत घालवणे मला पटत नव्हते. मी फोन करून ओंकारेश्वर वगळायला आणि त्याऐवजी मंडलेश्वर घ्यायला सांगितले. जाताना मानपूर-धामनोदचा आग्रा-मुंबई रस्ता आणि येताना जाम गेटवरून महू, असा मार्गही मीच सुचवला. त्यांनी तो मान्य केला, पण कार्यक्रम बदलूनही पैसे तेच ठेवले.

सकाळी सहाला गाडी लोकमान्य नगरात दारात हजर होती. ती स्वच्छ होती आणि चालक संयमी होता. मानपूरच्या पुढे माळव्याचे पठार सोडून रस्ता निमाडात उतरतो, त्या उतारावर त्याने एकाही ट्रकला घाईने मागे टाकले नाही, हे आवर्जून सांगण्यासारखे आहे. एक गैरसोय मात्र लक्षात ठेवावी. चालक आणि गाइड पुढे बसले की मधल्या रांगेत तिघे आणि मागच्या रांगेत दोघे उरतात, आणि मागे चढउतार करणे गुडघेदुखीच्या माणसाला अवघड जाते. आम्ही पतिपत्नी मागे बसलो म्हणून निभावले. चार ज्येष्ठ असतील तर मोठी गाडी मागावी.

गाइड तिशीतले, इंदुरातच वाढलेले, घरी मराठी बोलणारे. पहिल्या दहा मिनिटांतच त्यांनी आईला 'काकू' आणि आतोबांना 'काका' म्हणायला सुरुवात केली, आणि आई त्यांना 'बाळा' म्हणू लागली. पण मला त्यांचे मोल वाटले ते निराळ्याच कारणासाठी. ऐकीव काय आणि कागदोपत्री काय, हा भेद त्यांनी दिवसभरात एकदाही पुसट होऊ दिला नाही.

आठ वाजून गेल्यावर आम्ही किल्ल्यातल्या वाड्यात पोहोचलो. ही वेळ गाइडने मुद्दाम साधली होती, कारण अहिल्याबाईंच्या काळापासून चालत आलेले लिंगार्चन सकाळीच होते. काळ्या मातीची बोटाच्या पेराहूनही लहान शिवलिंगे पाटावर ओळीने मांडत गुरुजी मंत्र म्हणत होते. पूजा झाली की ती सर्व लिंगे नर्मदेत विसर्जित होतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा नवी घडतात. इतक्या वर्षांत मी हे कधी पाहिले नव्हते, कारण आम्ही नेहमी दहा-अकराला पोहोचत असू. नुसत्या या एका गोष्टीसाठीही गाइडचे पैसे वसूल झाले असे मी म्हणेन.

तिथून गादीकडे गेलो. लाकडी खांबांचा साधा वाडा, खाली बैठक, पांढरे आच्छादन. गाइड तिथे काही बोलले नाहीत; आत्याने हात जोडले, ती बराच वेळ उभी राहिली, आणि ती वळल्यावरच त्यांनी सांगायला सुरुवात केली. कुंभेरीच्या वेढ्यात १७५४ मध्ये खंडेराव गेले, १७६६ मध्ये मल्हारराव, १७६७ मध्ये मुलगा मालेराव. त्यानंतर १७९५ पर्यंत या बाईंनी इथून राज्य चालवले. हे सनावळीसारखे न सांगता त्यांनी विचारले, "काकू, तेरा वर्षांत नवरा, सासरे आणि मुलगा गेले, आणि मग दौलतीचा हिशेब हातात घेतला. कसे केले असेल?" आईने उत्तर दिले नाही, पण पुढचा तासभर ती एकेक शब्द लक्ष देऊन ऐकत होती. दौलत आणि खासगी यांतला फरकही त्यांनी छान उलगडला. काशी, सोमनाथ आणि देशभरचे घाट व धर्मशाळा यांचा खर्च बाईंनी खासगीच्या उत्पन्नातून केला, राज्याच्या तिजोरीतून नव्हे, हे आम्हा सर्वांनाच नव्याने कळले. शाहीर अनंतफंदी इथे आले असता बाईंनी त्यांना लावणी सोडून कीर्तनाकडे वळायला सांगितले, ही आख्यायिका सांगतानाही 'ही परंपरेने सांगतात' असे ते आधी म्हणाले.

घाटाकडे उतरताना डाव्या-उजव्या हाताला दोन वास्तू समोरासमोर येतात. एक अहिल्येश्वर, म्हणजे बाईंची छत्री (स्मृतिमंदिर), यशवंतराव होळकरांनी आरंभिलेली आणि कृष्णाबाईंच्या काळात पुरी झालेली. दुसरी विठोजी होळकरांची छत्री. विठोजींना १८०१ मध्ये पुण्यात दुसऱ्या बाजीरावाच्या आज्ञेने हत्तीच्या पायी दिले, हे आतोबांना ठाऊक होते; पण त्यांची छत्री इथे आहे हे नव्हते. छत्रीच्या जोत्यावर हत्तींची रांग कोरलेली आहे. प्रत्येक हत्तीची सोंड थोडी वेगळी वळलेली, काहींची झीज होऊन नुसता गोलवा उरलेला. त्यांच्या मृत्यूमुळेच हे हत्ती कोरले का, असे आतोबांनी विचारले. दुसरा एखादा गाइड 'हो' म्हणून मोकळा झाला असता. हे म्हणाले, "काका, लोक तसे म्हणतात. पण हत्तींचा थर आपल्याकडे कितीतरी देवळांच्या जोत्यावर असतो, त्यामुळे मी तसे सांगणार नाही." आतोबा आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवत आले, त्यांना हे उत्तर इतके आवडले की साताऱ्याला परत गेल्यावरही फोनवर त्यांनी त्याचाच उल्लेख केला.

नाव आम्ही घाटावरच ठरवली. नदीच्या मध्यावरचे बाणेश्वराचे छोटे देऊळ पाहून नाव परत फिरत असताना गाइडने पलीकडच्या काठावरच्या नावडातोलीकडे बोट दाखवले. १९५० च्या दशकात पुण्याचे डेक्कन कॉलेज आणि बडोद्याचे विद्यापीठ यांनी तिथे आणि महेश्वरात उत्खनन केले, ह. धी. सांकळिया त्याचे प्रमुख होते, आणि साधारण साडेतीन हजार वर्षांपूर्वीची घरे, रंगवलेली भांडी आणि धान्याचे दाणे तिथे सापडले. नावेतून पाहिले तर नुसती उंच माती आणि झाडी दिसते. तरीही पुण्या-बडोद्याची माणसे महिनोन्‌महिने त्या मातीवर बसून खापरे जुळवत होती, हे कळल्यावर तो काठ नुसता काठ राहिला नाही.

किल्ल्याजवळच रेहवा संस्थेचे हातमाग आहेत. १९७० च्या दशकाच्या अखेरीस होळकर कुटुंबाच्या पुढाकाराने ही संस्था उभी राहिली आणि मोडकळीस आलेल्या महेश्वरी विणकामाला तिने नवे बळ दिले. रेशमाचा ताणा, सुताचा बाणा, दोन्ही बाजूंनी नेसता येईल असा काठ आणि पाच पट्ट्यांचा पदर, ज्यात तीन रंगीत आणि दोन पांढरे, हे सगळे मागावर बघताना समजते तसे दुकानात समजत नाही. एक विणकर बाई धोटा फेकून फणी ओढत होत्या. दर वेळी काठाजवळचा दोरा त्या करंगळीच्या नखाने हलकेच सरळ करत. पत्नीने विचारल्यावर त्यांनी न थांबता सांगितले की एवढे केले नाही तर काठ वाकडा दिसतो. घाटाच्या दगडी भिंतीवर सकाळी पाहिलेली लाटांची आणि चटईची नक्षी इथे काठावर पुन्हा भेटली.

यानंतरच्या प्रकाराने मात्र माझे मन खट्टू झाले. कार्यक्रमात 'हातमाग प्रात्यक्षिक' असे आणखी एक ठिकाण होते. ते प्रत्यक्षात साड्यांचे दुकान निघाले. दाराशी एक माग होता, पण त्यावर कोणी बसलेले नव्हते; आत गादीवर बसवून चहा देऊन साड्यांचे ढीग उलगडले जाऊ लागले. आम्ही निघायचे म्हणालो तरी चालकाच्या पावतीवर दुकानाची सही होईपर्यंत थांबावे लागले. जवळजवळ पन्नास मिनिटे गेली. गाइडने बाहेर आल्यावर सरळ सांगितले की हे ठिकाण कार्यालय ठरवते, ते वगळण्याचा अधिकार त्यांना नाही. मी त्यांना दोष देत नाही. पण गाडीचे आणि गाइडचे पूर्ण पैसे घेतल्यानंतर गिऱ्हाइकाचा वेळ असा परस्पर दुकानाला देणे हे चुकीचे आहे, आणि त्याला प्रात्यक्षिक म्हणणे अधिकच चुकीचे आहे.

जेवण एका साध्या भोजनालयात झाले. ज्वारीची भाकरी आणि अमाडीची भाजी. निमाडात अमाडी म्हणतात ती आपलीच अंबाडी, हे कळताच आत्याने दुसऱ्यांदा वाढून घेतली. राजराजेश्वराच्या देवळातले अकरा अखंड नंदादीप पाहून आम्ही मंडलेश्वरकडे निघालो.

या वाटेवर गाइडने जलूदचा उल्लेख केला. इंदूरला नर्मदेचे पाणी इथून उचलून, सुमारे ७० किलोमीटर दूर, घाट चढवून आणले जाते. आई लग्न होऊन १९७१ मध्ये इंदुरात आली. नर्मदेचे पाणी इंदुरात आणण्यासाठीचे आंदोलन त्याच्या आदल्याच वर्षी झालेले. यशवंत सागरच्या पाण्यावर शहर कसेबसे भागत असे, पहाटे चारला नळाखाली हंडे लावावे लागत, आणि नर्मदा आली त्या दिवशी गल्लीतल्या बायकांनी नळाला हळदकुंकू वाहिले, हे तिने गाडीत सांगितले. मी हे यापूर्वी तिच्या तोंडून कधी ऐकले नव्हते. आत्याने तिला आणखी सांगायला लावले आणि गाइड पाच मिनिटे श्रोते होऊन बसले.

मंडलेश्वरात शंकराचार्य आणि मंडनमिश्र यांचा वाद झाला अशी स्थानिक श्रद्धा आहे. गुप्तेश्वराचे देऊळ त्या कथेशी जोडलेले आहे. बिहारमधल्या महिषी गावाचाही हाच दावा आहे, हे गाइडने आपणहून सांगितले. काठ शांत आहे, महेश्वरपेक्षा गर्दी फार कमी. इथे तासभर बसण्याचा आमचा बेत होता. मिळाली जेमतेम वीस मिनिटे. आईने पाण्यात पाय सोडले आणि लगेच काढावे लागले.

जाम गेटलाही उशीर झाला. अहिल्याबाईंच्या काळातला हा दरवाजा पठाराच्या कडेवर उभा आहे, आणि तिथून खाली निमाडचे खोरे दिसते. सूर्यास्त तिथे पाहता यावा म्हणूनच मी हा परतीचा मार्ग मागितला होता. आम्ही पोहोचलो तेव्हा खोऱ्यात अंधार भरला होता आणि दरवाजाची कमान तेवढी आकाशासमोर काळी दिसत होती. दुकानात गेलेली ती पन्नास मिनिटे इथे नेमकी कमी पडली. रात्री पावणेआठला घरी पोहोचलो.

दुसऱ्या दिवशी मी कार्यालयाला सविस्तर कळवले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि पुढच्या वेळी सवलत देऊ असे सांगितले. मी सवलत नको म्हणालो, दुकान वगळल्याचे लेखी द्या एवढेच मागितले. त्यांनी ते मान्य केले. २८ एप्रिलला थोरल्या बाजीरावांच्या पुण्यतिथीला रावेरखेडीच्या समाधीवर जाण्याचा आतोबांचा आग्रह आहे. त्यासाठी हेच गाइड मागून गाडी नोंदवली आहे. उन्हाळा असल्याने पहाटे पाचला निघणार आहोत, आणि छापील कार्यक्रमावर 'खरेदीसाठी कुठेही थांबणार नाही' ही ओळ सहीसह लिहून घेतली आहे.