पानावरचे डाग 'घालवणारी' बाटली

परसबागेतल्या काकडीवर पांढरी भुरी आली किंवा टोमॅटोची खालची पानं करपायला लागली की आपण फोन हातात घेऊन उपाय शोधायला लागतो. "एकच बाटली, सर्व बुरशी साफ, शंभर टक्के सेंद्रिय" म्हणणारा विक्रेता नेमका तिथेच टपून बसलेला असतो. अशाच एकाकडून मी बाटली मागवली. पैसे गेले ते गेलेच. पण ही फसवणूक ज्या हुशारीने रचलेली असते ती समजून घेण्यासारखी आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. विक्रेत्याचं नाव देत नाही, कारण ही मंडळी नाव बदलतात, पद्धत बदलत नाहीत.

सुरुवात फोटोपासून होते. "रोगट पानाचा फोटो पाठवा, आमचे तज्ज्ञ मोफत निदान करतील." मी काकडीचं पान पाठवलं. लगेच उत्तर आलं: "ताई, बुरशी आहे, दुसरी स्टेज. उशीर केलात तर वेल हातचा जाईल." भुरी ही बुरशीच, त्यामुळे यात खोटं काही नव्हतं. नंतर संशय आला तेव्हा मी मिरचीचं आकसलेलं, वाटीसारखं वळलेलं पान पाठवून पाहिलं. हा चुरडा-मुरडा. तो विषाणूमुळे येतो, नाहीतर फुलकिडे आणि कोळी नावाची बारीक कीड रस शोषतात त्याने. बुरशीचा त्यात संबंध नसतो. उत्तर तेच: बुरशी, दुसरी स्टेज. मग नुसत्या कडक उन्हाने भाजलेलं पान पाठवलं. तेही दुसऱ्याच स्टेजला! पहिली स्टेज म्हटली तर लोक थांबून बघतील आणि तिसरी म्हटली तर झाड उपटून टाकतील, म्हणून सगळ्यांना दुसरी.

खरं तर घरच्या घरी बरंच ओळखता येतं. भुरी म्हणजे पानावर पीठ भुरभुरल्यासारखी पांढरी पावडर, बोट फिरवलं तर बोटाला लागते. केवडा नावाच्या रोगात पानाच्या वरच्या बाजूला पिवळे डाग दिसतात. काकडीवर ते शिरांच्या मध्ये अडकून कोनाकोनाचे होतात, आणि दमट हवेत सकाळी पान उलटून पाहिलं तर खाली करडी-जांभळट लव दिसते. टोमॅटोवर लवकर येणारा करपा खालच्या जून पानांपासून सुरू होतो. त्याचे डाग तपकिरी, आत वर्तुळात वर्तुळं. घेवड्यावरचा तांबेरा बोटाला गंजाच्या रंगाची भुकटी लावतो.

हे वेगळेपण नुसतं दिसण्यापुरतं नाही. केवडा आणि उशिरा येणारा करपा यांना आपण सवयीने बुरशी म्हणतो, पण ते जीव खऱ्या बुरशीच्या कुळातलेच नाहीत, शेवाळांना जास्त जवळचे आहेत. भुरीवर उत्तम चालणारं गंधक केवड्यापुढे फारसं काही करत नाही. केवड्यासाठी बनवलेली मेटालॅक्झिलसारखी औषधं भुरीला हात लावत नाहीत. बोर्डो मिश्रण, म्हणजे मोरचूद आणि चुना, 1885 च्या सुमारास फ्रान्समध्ये द्राक्षावरच्या केवड्यासाठी पुढे आलं आणि आजही अनेक रोगांवर वापरलं जातं. तेसुद्धा मुख्यतः रोग येण्याआधी पानावर संरक्षणाचा थर देतं. इतकी वर्षं टिकलेल्या औषधालाही मर्यादा आहेत, आणि ही हिरवी बाटली म्हणे सगळं बरं करणार.

आता जाहिरातीतल्या 'आधी' आणि 'नंतर'च्या फोटोंबद्दल. डावीकडे डागाळलेलं पान, उजवीकडे तेच पान म्हणे हिरवंगार. मी ते मोठं करून पाहिलं. डावीकडचे डाग पिवळे आणि कोनाकोनाचे, म्हणजे केवडा. वर लिहिलं होतं 'भुरी'. उजवीकडच्या पानाची कड वेगळी, मधली शीर वेगळ्या बाजूला झुकलेली, आणि देठाजवळ डावीकडच्या पानात नसलेली एक खाच. पान एक नव्हतंच. ते असूही शकत नाही, कारण रोगाने मेलेला भाग पुन्हा हिरवा होत नाही. जगातलं कुठलंही बुरशीनाशक, अगदी आंतरप्रवाहीसुद्धा (म्हणजे झाडाच्या आत शिरून पसरणारं), रोगाची वाढ थांबवतं, नव्या पानांना वाचवतं, पण मेलेल्या पेशी जिवंत करत नाही. फार तर भुरीची पांढरी पावडर पुसली जाईल, खालचं पान पिवळट किंवा तपकिरी राहील ते राहीलच. त्यामुळे पानावरचे रोगाने मेलेले डाग नाहीसे झाल्याचा फोटो दाखवणारा माणूस खोटं बोलतोय हे तिथल्या तिथे समजावं. दुसरा पुरावा शोधायची गरज नाही.

पण मला खरी कमाल वाटली ती बाटलीसोबत आलेल्या माहितीपत्रकाची. त्यात लिहिलं होतं: फवारणीआधी सर्व रोगट पानं काढून दूर फेका. पाणी पानांवर नको, बुंध्याशी द्या, तेही सकाळी. दाटी झाली असेल तर विरळणी करा, वारा खेळू द्या. जमिनीला टेकलेल्या फांद्या छाटा. मग आमचं औषध फवारा. यातलं शेवटचं वाक्य सोडलं तर बाकी सगळं अगदी बरोबर आहे! पानांवरच्या बहुतेक बुरशींना रुजायला पान काही तास ओलं राहावं लागतं, आणि मातीवरून उडणाऱ्या शिंतोड्यांबरोबर बीजाणू, म्हणजे बुरशीचं बारीक बी, खालच्या पानांवर चढतात. रोगट पानं काढली, पान कोरडं ठेवलं, मातीवर पालापाचोळ्याचं आच्छादन घातलं की रोगाचा जोर तसाही ओसरतो. भुरी तेवढी हट्टी, तिला ओलं पान लागत नाही, पण दाटी कमी केल्याने आणि रोगट पानं काढल्याने तिलाही आळा बसतो. म्हणजे गुण पत्रकाचा आणि दाम बाटलीचा. लोक मनापासून लिहितात की "फरक पडला", ते काही सगळे भाडोत्री नसतात. फरक पडलेला असतोच, फक्त श्रेय चुकीच्या खात्यात जमा होतं.

म्हणून मी दोन कुंड्यांतल्या वेलांची पानं सारखीच काढली, पाणी सारखंच दिलं, एकावर बाटलीतलं फवारलं आणि दुसऱ्यावर साधं पाणी. नवी पानं दोन्हीकडे स्वच्छ आली. पुढे भुरी परत आली तीही दोन्हीकडे, आणि कुठल्या वेलावर काय मारलं होतं हे कुंडीवरची खूण पाहिल्याशिवाय सांगता येत नव्हतं.

बाटलीत काय होतं? हलवली की भांडी घासायच्या साबणासारखा फेस यायचा. वास कडुनिंबाचा नाही, सुगंधी. पांढऱ्या फडक्यावर थेंब टाकला तर हिरवा रंग जसाच्या तसा राहिला आणि भोवती पाण्याचं कडं पसरलं. लेबलवर 'दुर्मिळ वनस्पतींचा अर्क', 'नॅनो शक्ती' आणि एक शब्द: ट्रायकोडर्मा. हा शब्द पाहून लोक विश्वास ठेवतात, कारण रोगाच्या बुरशींना आवरायला ट्रायकोडर्मा खरंच उपयोगी आहे. पण ती स्वतःच एक बुरशी आहे, जिवंत. 'सर्व बुरशींचा समूळ नाश' करणाऱ्या द्रावणात ती कशी जगणार, हे विक्रेत्याने तरी विचारात घ्यायला हवं होतं. खऱ्या जैविक उत्पादनावर जिवंत बीजाणूंची संख्या, उत्पादनाची आणि मुदत संपण्याची तारीख आणि थंड जागी ठेवण्याची सूचना असते. इथे तारीख होती ती फक्त 'सर्वोत्तम शोधाच्या' पुरस्काराची.

साबणपाणी निघालं तर नशीबच म्हणायचं. मला जास्त धास्ती उलट शक्यतेची वाटते. काही 'सेंद्रिय' बाटल्या चटकन गुण दाखवतात, कारण आत न सांगता रासायनिक औषध मिसळलेलं असतं. रीतसर विकल्या जाणाऱ्या बुरशीनाशकावर घटकाचं नाव, त्याचं प्रमाण आणि फवारणीनंतर किती दिवस भाजी तोडायची नाही हे छापलेलं असतं. सेंद्रिय समजून फवारलेली काकडी आपण दुसऱ्या दिवशी तोडून मुलांच्या हातात देतो. तिथे हे न छापलेले दिवस महागात पडू शकतात.

पहिली बाटली संपत आली की दुसरी पुढे येते. मला सांगण्यात आलं, "ताई, पानावरची गेली, पण आता ती मुळात उतरली आहे, मातीसाठी वेगळा डोस लागेल." भुरी अशी मुळात उतरत नाही, तिला जगायला झाडाचा हिरवा भागच लागतो. मातीनंतर 'प्रतिकारशक्तीचा' डोस होता, तिथपर्यंत मी गेले नाही.

पैसे परत मागितले तेव्हा गॅरंटीच्या अटी कळल्या: पूर्ण कोर्स केलेला असावा, आणि बाटली सीलबंद परत करावी. या दोन अटी एकत्र कशा पाळायच्या, हे विचारल्यावर मला ब्लॉक केलं गेलं. ज्या माध्यमातून पैसे भरले होते तिथे जाहिरात, चॅट आणि लेबलचे फोटो जोडून तक्रार केली आहे. चॅट त्यांनी त्यांच्या बाजूने पुसायला सुरुवात केली होती, तेव्हा तुमच्यावर अशी वेळ आली तर भांडायच्या आधी स्क्रीनशॉट काढा.

अशी बाटली घरात पडली असेल तर उरलेलं मोरीत किंवा मातीत ओतू नका, आत काय आहे ते आपल्याला ठाऊक नसतं. झाकण घट्ट लावून, वर 'फवारणीचं द्रावण, घटक अज्ञात' अशी चिठ्ठी चिकटवून ती घातक कचऱ्यात द्या. आणि रिकामी झाली तरी धुऊन दुसऱ्या कशाला वापरू नका.