चक्कर कानाची असेल तर ताई ची करावं की व्हेस्टिब्युलर व्यायाम?

‘ताई ची करून बघ,’ असं मैत्रिणीने सुचवलं तेव्हा मी विचारलं, ‘कुणाच्या ताईची?’ असले विनोद सुचत होते म्हणजे मी बरी होत चालले होते. त्याच्या तीन महिने आधी डाव्या कानाच्या तोल सांभाळणाऱ्या नसेला सूज आली होती. डॉक्टरी भाषेत व्हेस्टिब्युलर न्यूरायटिस. पहिले तीन दिवस पलंगाची कड धरून काढले. गरगरणं आणि उलट्या थांबल्या, पण चालताना दुकानांच्या पाट्या हलायच्या, आणि तोंडाला साबण लावून डोळे मिटले की मी बेसिनवर कलायची. पुढे मी आधी फिजिओथेरपिस्टने शिकवलेले व्हेस्टिब्युलर, म्हणजे कानाच्या तोलासाठीचे, व्यायाम केले आणि मग ताई ची, म्हणजे सावकाश हालचालींचा चिनी व्यायाम. दोन्हींतलं एकच निवडायचं असेल तर काय बघावं, ते सांगते.

आपण सगळ्यालाच ‘चक्कर’ म्हणतो, तिथेच घोळ होतो. उठून उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर बहुधा कानाचा संबंध नाही. रक्तदाब, रक्त, हृदय तपासून घ्या. कुशीवर वळलं किंवा माळ्यावर बघायला मान वर केली की मिनिटभरच्या आत थांबणारं गरगरणं होत असेल, तर कानातले कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म कण अर्धवर्तुळाकार नलिकेत घसरलेले असण्याची शक्यता मोठी. त्यावर या दोन्ही व्यायामांच्या आधी डोकं ठरावीक क्रमाने वळवून कण जागेवर आणण्याची क्रिया (एप्ली) करायची असते. पुष्कळांचं काम एक-दोन बैठकांत होतं, त्यासाठी सहा महिन्यांच्या क्लासची फी भरू नका. आणि चक्करेबरोबर एकाचे दोन दिसणं, जीभ जड होणं, अंगाची एक बाजू लुळी पडणं, अचानक ऐकू न येणं, उभंच न राहता येणं यातलं काहीही असेल तर हा लेख बाजूला ठेवून आत्ता हॉस्पिटल गाठा.

उरतात माझ्यासारखे लोक, ज्यांच्या एका किंवा दोन्ही कानांकडून मेंदूला तोलाचा संदेश कमी पोचतो. खरा प्रश्न त्यांचा आहे.

व्हेस्टिब्युलर व्यायामांची मुळं १९४०च्या दशकातल्या ब्रिटनमध्ये आहेत. डोक्याला मार लागलेल्या सैनिकांसाठी कॉथॉर्न आणि कुक्सी यांनी ते बसवले. दिसायला अगदीच फुटकळ. मी कॅलेंडरातला १७ कापून स्वयंपाकघरातल्या कपाटावर डोळ्यांच्या उंचीला चिकटवला होता. नजर १७वर रोवायची आणि ‘नाही, नाही’ म्हणताना हलवतो तशी मान हलवायची, आकडा पुसट होऊ लागेल इतपत वेगाने. मिनिटभरात मळमळतं. पण आकडा घसरतो म्हणूनच मेंदूला चूक कळते आणि तो डोळ्यांची हालचाल मानेशी नव्याने जुळवून घेतो. अमेरिकन फिजिओथेरपिस्टांच्या मार्गदर्शक सूचनांत ताज्या दुखण्यात दिवसातून तीनदा मिळून किमान १२ मिनिटं आणि जुन्या दुखण्यात किमान २० मिनिटं सांगितली आहेत. कंटाळा येतो. फार येतो.

ताई ची त्या मानाने देखणं. यांग शैलीतला २४ मुद्रांचा सोपा संच चीनमध्ये १९५६ साली बसवला गेला. पाच-सहा मिनिटांत पुरा होतो. गुडघे किंचित वाकवून वजन एका पायावरून दुसऱ्यावर इतकं सावकाश न्यायचं, की रिकामा पाय उचलताना कंबर हलता कामा नये. पहिल्या दिवशी माझे घोटे थरथरत होते. तळवे, घोटे, कंबर यांना इथे काम लागतं. मान मात्र इतकी हळू वळते, की त्या वेगात डोळे कानाच्या मदतीशिवायही हाताचा माग काढू शकतात. त्यामुळे कान आणि डोळ्यांची जुळणी फारशी होत नाही.

हे नुसतं माझं मत नाही. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात कानाच्या तोलाचा विकार असलेल्या २६ जणांचे दोन गट केले: १३ जणांना ताई ची, १३ जणांना व्हेस्टिब्युलर व्यायाम, १० आठवडे. नजरेची स्थिरता व्यायामवाल्यांची जास्त सुधारली; चालतानाची शरीराची आणि पावलांची स्थिरता ताई चीवाल्यांची. माणसं थोडी होती, त्यामुळे एवढ्यावर पैज लावू नये, पण माझ्या बाबतीत शब्दशः तसंच झालं. पाट्या १७ने थांबवल्या, बेसिन ताई चीने सोडवलं.

घरातल्या सत्तरीच्या माणसासाठी ठरवत असाल तर ताई चीचं पारडं थोडं जड होतं. ओरेगॉनमध्ये सत्तरी ओलांडलेल्या, पडण्याचा धोका असलेल्या ६७० जणांवर झालेल्या २०१८च्या चाचणीत, आठवड्यातून दोनदा २४ आठवडे ताई ची करणाऱ्यांचं पडणं नुसतं स्ट्रेचिंग करणाऱ्यांपेक्षा ५८ टक्क्यांनी कमी झालं. ती मंडळी कानाचे रुग्ण म्हणून निवडलेली नव्हती, एवढं ध्यानात असू द्या. गुडघे दुखत असतील तर कमी वाकून करायचं, आणि सुरुवातीला हाताशी खुर्ची हवीच.

योगासनांचं सगळे विचारतात. भिंतीजवळ ताडासन, वृक्षासन ठीक. डोकं खाली जाणारी आसनं आणि भरभर सूर्यनमस्कार सुरुवातीला नकोत. ‘सर्व्हायकल’ म्हणून गळ्यात पट्टा घालून बसणं तर कानाच्या दुखण्यात उलटंच पडतं, कारण मान हलली नाही तर मेंदू शिकणार कसा? स्टेमेटिल, सिनारिझीनसारख्या चक्करेवरच्या गोळ्यांचंही तेच: पहिले काही दिवस गरजेच्या, महिनोन्‌महिने घेतल्या तर मेंदूचं जुळवून घेणं लांबतं. अर्थात बंद करायच्या त्या डॉक्टरांना विचारूनच.

माझा कौल असा. मान हलली की अक्षरं नाचतात? आधी फिजिओथेरपिस्ट, सहा-आठ आठवडे. अक्षरं स्थिर आहेत, पण अंधारात किंवा खडीवर पाय अडखळतो? थेट ताई ची चालेल, शिक्षकाला दुखणं सांगून. व्हिडिओ बघून एकट्याने नको. दोन्ही त्रास असतील तर माझ्याच क्रमाने जा. मेनिएरचे (आतल्या कानाच्या या आजारात गरगरणं झटक्यांनी येतं) झटके येत असतील तर झटक्यात काहीच करू नका, मधल्या काळात डॉक्टरांशी बोलून ठरवा.

तो १७ अजून कपाटावर आहे. मोठं आजारपण झालं की पाट्या पुन्हा हलायला लागतात, मग कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत मी त्याच्यासमोर मान हलवत उभी असते.