नाइममध्ये ऑर्ग चार्ट : आठ महिन्यांच्या वापरानंतर

मी लोअर परळच्या एका कंपनीत एचआरचा डेटा सांभाळते. दुकानं दहिसरपासून मुलुंडपर्यंत, माणसं अडीच हजारांच्या घरात. आमच्या यादीत प्रत्येकासमोर फक्त त्याच्या थेट साहेबाचा एम्प्लॉयी कोड असतो. त्या साहेबाच्या वर कोण, त्याच्याही वर कोण, हे कुठेच लिहिलेलं नसतं. आणि मॅडम नेमकं तेच विचारतात : ‘या झोनल मॅनेजरच्या हाताखाली एकूण माणसं किती?’ हा ऑर्ग चार्ट, म्हणजे कोण कुणाच्या हाताखाली याची उतरंड, आता मी नाइम (KNIME) या डेटा हाताळायच्या सॉफ्टवेअरमध्ये बनवते.

आधी एक्सेलमध्ये व्हीलुकअपचे (कोड शोधून त्याच्यासमोरची नोंद आणणारं सूत्र) सात कॉलम लावायचे. कुठे आठवी पायरी निघाली की पुन्हा बसा. महिनाअखेरीचे दोन दिवस त्यातच जायचे.

नाइमची सुरुवात २००४ साली जर्मनीतल्या कोन्स्टान्झ विद्यापीठात झाली. डेस्कटॉप आवृत्ती मोफत आणि मुक्तस्रोत. माझ्या लेखी मोठी गोष्ट ही, की ते आपल्याच लॅपटॉपवर चालतं. माणसांच्या हुद्द्यांची माहिती बाहेर कुठे चढवावी लागत नाही. नोड, म्हणजे एकेका कामाचे ठोकळे, ओढून आणायचे, एकमेकांना जोडायचे. प्रत्येकाखाली सिग्नलसारखे दिवे. काम झालं की हिरवा.

खरी ताकद रिकर्सिव्ह लूपमध्ये आहे, म्हणजे एका फेरीचं उत्तर पुढच्या फेरीत घालत राहणाऱ्या आवर्तनात. त्याच्या शेवटच्या नोडला दोन इनपुट असतात. वरच्यात गेलेल्या ओळी साठत जातात, खालच्यात गेलेल्या पुढच्या फेरीसाठी लूपच्या सुरुवातीला परत जातात. मी दोन आठवडे दोन्हीकडे मूळ यादीच देत होते, त्यामुळे दर फेरीला तीच पहिली पायरी. मग मांडणी उमगली. ज्यांच्यासमोर साहेबाचा कोड रिकामा, ती पायरी १. त्यांचे कोड जॉइनरने (दोन याद्या जुळवणारा नोड) पूर्ण यादीतल्या साहेबाच्या कॉलमशी जुळवले की मिळते पायरी २. तीच परत आत पाठवायची. नवी ओळ उरली नाही की लूप थांबतो. पायऱ्या सात असोत की अकरा, वर्कफ्लोला, म्हणजे नोडच्या या जोडणीला, हात लावावा लागत नाही.

लूपच्या आधीची सफाई मात्र टाळू नका. कोड एका फाइलमध्ये ‘००४१७’ आणि दुसरीत ४१७ असेल तर जुळणार नाही. दोन्हीकडे मजकूर म्हणूनच ठेवा. बदलीच्या महिन्यात एखाद्या मॅनेजरची दोनदा नोंद झाली, तर त्याच्या खालची अख्खी फांदी दोनदा मोजली जाते.

चौथ्या महिन्यात एकूण सहा माणसं कमी भरली. एरर नाही, सगळे दिवे हिरवे. शोधता शोधता कळलं, की कुर्ल्याच्या दुकानातले दोन मॅनेजर बदलीच्या नोंदीत एकमेकांचेच साहेब झाले होते. वरून उतरणारा लूप त्यांच्यापर्यंत पोचतच नाही, त्यांच्या खालच्या चौघांपर्यंतही नाही. म्हणून आता मी खालूनही चढते : माणूस आणि साहेब अशी जोडी घ्यायची, दर फेरीला साहेबाच्या जागी त्याचा साहेब ठेवायचा. असं एकमेकांचेच साहेब असल्याचं चक्र असेल तर हे संपतच नाही, म्हणून कमाल फेऱ्या १५ वर बांधल्या आहेत. पंधराव्या फेरीतही ज्यांची साखळी चालू, ती माणसं चक्रात किंवा चक्राच्या खाली. (आयटीतला मित्र हेच काम पोस्टग्रेस्क्यूएल या डेटाबेसमध्ये विथ रिकर्सिव्ह या आदेशाने करतो, तिथे १४व्या आवृत्तीपासून चक्र पकडायला सायकल हे वेगळं कलम आहे.)

चक्रवाले वगळूनही जे वरून उतरणाऱ्या लूपच्या यादीत सापडत नाहीत, त्यांचा किंवा त्यांच्या वरच्या कुणाचा तरी साहेब नोकरी सोडून गेलेला असतो. उतरंडीतलं मधलं मडकं काढल्यासारखं होतं ते. आठ महिन्यांत मला ऑर्ग चार्टपेक्षा ही उरलेल्यांची यादीच जास्त मोलाची वाटायला लागली आहे. बोरिवलीच्या दुकानातल्या तिघांचे रजेचे अर्ज अशाच एका सोडून गेलेल्या मॅनेजरच्या नावावर पडून होते. आता ही यादी दर महिन्याच्या १ तारखेला, चार्ट बनायच्या आधी, मॅडमकडे जाते.