काट्याची नोंद: मेलने की थेट एचटीटीपीने?

वणीकडच्या जिनिंगवर कापसाची गाडी काट्यावर चढली की वजनाची नोंद नागपूरच्या सर्व्हरला जाते. एचटीटीपीने (वेबसाइट उघडते त्याच पद्धतीने) पाठवली तर उत्तर तिथल्या तिथे: २०० (‘ठीक’ सांगणारा कोड) आलं, काम झालं. पण लाइन गेली की नेटही जातं, आणि पुन्हा पाठवायचा कोड आपणच लिहायचा. मेलमध्ये तो आयता मिळतो. एसएमटीपी (मेल पोचवायची पद्धत) १९८२ पासून हेच करतंय: निरोप रांगेत ठेवायचा, पुन्हा पुन्हा दार ठोठवायचं, नियमाप्रमाणे निदान ४-५ दिवस.

मेलमध्ये भोवतं ते वेगळंच. एकच नोंद दोनदा येते, क्रम उलटतो, कधी ती स्पॅममध्ये जाऊन बसते. त्यामुळे पावती नंबर तपासूनच नोंद चढवायची.

शेतकरी पावतीसाठी खिडकीशी उभा असेल तर एचटीटीपीच. रात्रीच्या हिशेबाला मी मेल ठेवलाय.