इंग्रजी शिकवायला परदेशी जाण्याआधी: एफएसआयचा तक्ता आणि जुने मोफत कोर्स

इंग्रजी शिकवायला बाहेर जायचं ठरलं की थाई शिकू, कोरियन की स्पॅनिश, असा प्रश्न येतोच. त्यावर बहुतेक जण एफएसआयचा (फॉरेन सर्व्हिस इन्स्टिट्यूटचा) कोणत्या भाषेला किती तास लागतात हे सांगणारा तक्ता पुढे करतात. एफएसआय ही अमेरिकी परराष्ट्र खात्याची, मुत्सद्द्यांना शिकवणारी, 1947 साली सुरू झालेली प्रशिक्षण संस्था. तिच्या प्रचलित हिशोबात कामकाजापुरती भाषा यायला स्पॅनिशला वर्गातले साधारण 600 ते 750 तास, थाई आणि व्हिएतनामीला 1100, तर कोरियन, जपानी, चिनी, अरबीला 2200.

भाषा निवडायला हा तक्ता आपल्या फारसा उपयोगाचा नाही. तो इंग्रजी मातृभाषा असणाऱ्यांसाठी बनवलेला आहे. कोरियनमध्ये क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, नामाला मागून प्रत्यय लागतात, समोरच्याच्या मानाप्रमाणे क्रियापदाचं रूप बदलतं. अमेरिकी माणूस इथे अडखळतो, मराठी माणसाला यातलं काहीच परकं नाही. 2200 आकडा बघून कोरियन सोडू नका.

तक्त्यापेक्षा संस्थेचे जुने कोर्स कितीतरी मोलाचे आहेत. सरकारी असल्यामुळे ते कॉपीराइटमुक्त आहेत. पीडीएफ आणि ऑडिओ दोन्ही फुकट उतरवून घेता येतात. मी 1968 चा कोरियन बेसिक कोर्स घेतला. ऐका, एक शब्द बदला, वाक्य पुन्हा म्हणा, अशी घोटवणारी पद्धत. कंटाळवाणी आहे, पण वाक्यं तोंडात बसतात.

शिक्षकासाठी खरी मौल्यवान गोष्ट म्हणजे त्यातल्या व्याकरणाच्या टिपा. त्या इंग्रजी बोलणाऱ्याला समजावून सांगण्यासाठी लिहिल्या आहेत. मुत्सद्द्याला त्यातून कोरियन कळते, मला माझे उद्याचे विद्यार्थी कळतात. कोरियनमध्ये इंग्रजीसारखे 'ए' आणि 'द' नाहीत, म्हणजे मुलं ते गाळणार. अनेकवचनाचा प्रत्यय बऱ्याचदा लावतच नाहीत, म्हणजे 'थ्री बुक' ऐकायला मिळणार. इंग्रजी 'एफ'चा उच्चार नाही, त्या जागी 'प' येणार. कर्ता सर्रास गाळला जातो. अशी प्रत्येक टीप मी लेसन प्लॅनच्या वहीत त्या त्या धड्यासमोर उतरवते आहे. निव्वळ 'इंग्रजी कसं शिकवावं' सांगणाऱ्या प्रशिक्षणात एवढी नेमकी तयारी मला मिळाली नाही.

उणिवाही आहेत. पानं टाइपरायटरवरची, ऑडिओ जुन्या टेपवरून घेतलेला, भाषा औपचारिक. पुस्तक उघडा, रांगेत या, आवाज कमी करा, हे वर्गातलं बोलणं वेगळं शिकावं लागतं. कोरियन लिपीही आधी स्वतंत्रपणे करून घ्या: 14 मूळ व्यंजनं, 10 मूळ स्वर, आठवड्याभरात वाचता येऊ लागतं.

माझं मत असं, की नोकरी आणि व्हिसा कुठे मिळतो ते आधी बघा आणि तिथल्या मुलांची भाषा घ्या, मग तासांचा आकडा काहीही असो. थाई आणि व्हिएतनामीचेही कोर्स आहेत. मात्र व्हिएतनामीचा 1967 चा कोर्स सायगॉनच्या, म्हणजे दक्षिणेकडच्या बोलीचा आहे. हनोईला शिकवायला जाणाऱ्यांनी उच्चारांसाठी उत्तरेकडचा शिक्षक शोधावा.