अधूनमधून दगा देणाऱ्या वायरिंगसाठी मिन-मॅक्स मल्टिमीटर

गाडी रस्त्यात बंद पडते आणि गॅरेजमध्ये नेली की ठणठणीत चालते. असा फॉल्ट शोधताना साधा मल्टिमीटर (व्होल्ट वगैरे मोजायचा मीटर) कमी पडतो, कारण आकडा उडतो त्या क्षणी नजर वायरवर असते. मिन-मॅक्स बटणाचा मीटर सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त रीडिंग धरून ठेवतो. इलेक्ट्रिकचं काम करणाऱ्याने तोच घ्यावा.

उदाहरणार्थ, फ्युएल पंपाचं अर्थिंग. डीसी व्होल्टवर रेंज आधी हाताने ठरवा. ऑटोरेंजमध्ये (मीटर स्वतः रेंज शोधतो तेव्हा) वेळ जातो. मीटरचा काळा प्रोब (मोजायचं टोक) बॅटरीच्या निगेटिव्ह पोस्टवर (क्लॅम्पवर नको, तोच सैल असू शकतो), लाल पंपाच्या अर्थ पिनवर, कनेक्टर न काढता मागून. पंप चालू ठेवून मिन-मॅक्स दाबा आणि हार्नेस (वायरांचा जुडगा) थोडा थोडा हलवत पुढे जा. दिसणारा आकडा म्हणजे अर्थच्या वाटेत वाया जाणारे व्होल्ट; साधारण ०.१ व्होल्टच्या आत ठीक. एखाद्या जागी मॅक्स १ व्होल्टवर गेला की तिथला जोड उघडा. कंटिन्युइटीचा बीप (वायर सलग आहे असं सांगणारा मीटरचा आवाज) इथे हमखास फसवतो: वायरमधली एकच तार शाबूत असली तरी तो वाजतो.

मर्यादा मोठी आहे. बहुतेक मीटरांचं मिन-मॅक्स सुमारे १०० मिलिसेकंदांहून छोटा झटका नीट पकडत नाही. सेन्सरच्या सिग्नलसाठी पीक मोड (अगदी छोटे झटके पकडणारी मीटरची सोय) किंवा ऑसिलोस्कोपच (व्होल्टेजचा आलेख दाखवणारं यंत्र) हवा.

मीटरसोबतचे जाड प्रोब कनेक्टरमध्ये समोरून खुपसू नका. टर्मिनल फाकतं आणि नवा लूज कॉन्टॅक्ट तयार होतो. कनेक्टरमध्ये मागून घालायच्या बारीक बॅकप्रोब पिना वेगळ्या घ्याच.