एफ.वाय.चं मानसशास्त्र : नऊ महिन्यांनंतरचा अनुभव

मी बालवाडीत शिकवते, बारा वर्षं झाली. सकाळी शाळा सुटली की दुपारी तालुक्याच्या कॉलेजात एफ.वाय.बी.ए.चे तास, असं गेलं वर्ष काढलं. मानसशास्त्र मुद्दाम निवडलं होतं. दोन्ही सत्रांची परीक्षा झाल्यावर लिहितेय, कारण प्रवेशाच्या वेळी विचारायला गेले तर "सोपा विषय आहे, मार्क पडतात" याच्या पुढे कोणी काही सांगेना.

सोपा मुळीच नाही. पहिला महिना तर जड गेला. मानसशास्त्रज्ञ वुंटची जर्मनीत लाइपझिगमधली १८७९ सालची प्रयोगशाळा, मग एकामागून एक संप्रदाय म्हणजे विचारांचे पंथ, मग मेंदूच्या आकृत्या. माझं मन लागलं ते स्मृतीच्या प्रकरणात, आणि तेही आरशातल्या चांदणीमुळे.

हा प्रयोग असा. कागदावर दुहेरी रेषेची चांदणी छापलेली असते. समोर आरसा उभा, आणि हात दिसू नये म्हणून मध्ये पुठ्ठ्याचा आडोसा. फक्त आरशात बघून दोन रेषांच्या मधून पेन्सिल फिरवायची. मी प्रयुक्त, म्हणजे जिच्यावर प्रयोग होतो ती; शेजारची मुलगी प्रयोगकर्ती. तिच्या मोबाइलवर स्टॉपवॉच. पहिल्याच कोपऱ्यावर हात अडला. वर न्यायची म्हटलं की पेन्सिल खाली यायची, बोटं आखडून गेली. पहिल्या फेरीला तीन मिनिटांच्या वर वेळ आणि सत्तावीस चुका. दहाव्या फेरीला मिनिटाच्या आत, चुका चार. हात शिकला होता; कसा शिकला ते मला सांगता येत नव्हतं.

मग मॅडमनी हेन्री मोलेसनची गोष्ट सांगितली. अपस्मारावर, म्हणजे फिट्सवर, उपाय म्हणून १९५३ साली त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पस, म्हणजे नव्या आठवणी साठवायला लागणारा भाग, बराचसा काढला. त्यानंतर त्याला नवीन काही लक्षात ठेवता येईना. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी त्याच्याकडून हीच चांदणी तीन दिवस काढून घेतली. चुका रोज कमी होत गेल्या, पण आधी कधी काढल्याचं त्याला आठवत नव्हतं. २००८ मध्ये तो वारला तोवर पुस्तकांत त्याचं नाव नुसतं 'एच.एम.' असंच छापत. त्या दिवशी मी घरी चालत आले, रिक्षात बसावंसं वाटेना.

दुसरा प्रयोग माझ्या कामालाच येऊन भिडला. लॉफ्टस आणि पामर या मानसशास्त्रज्ञांचा, १९७४ चा. विद्यार्थ्यांना गाड्यांच्या अपघाताची फिल्म दाखवली आणि वेग विचारला. काहींना विचारलं, गाड्या 'धडकल्या' तेव्हा वेग किती होता; काहींना, 'जोरात आदळल्या' तेव्हा किती होता. एका आठवड्यानं विचारलं, फुटलेली काच दिसली का? फिल्ममध्ये काच फुटलेली नव्हतीच. तरी 'आदळल्या' ऐकलेल्या ५० जणांपैकी १६ जण हो म्हणाले, 'धडकल्या' ऐकलेल्या ५० पैकी ७ जण.

माझ्या डोळ्यांपुढे आमचा वर्ग आला. पोर रडत आलं की मी विचारायचे, "कोणी मारलं तुला?" मग ते कोणाचं तरी नाव घ्यायचं आणि त्या दुसऱ्याला मी रागवायचे. बारा वर्षं. आता "काय झालं, सांग" एवढंच म्हणते आणि थांबते. बरेचदा उत्तर येतं, "मी पडलो."

लहानपणी विहिरीत पडलेली शेळी वडिलांनी दोर लावून काढली, तो त्यांचा भिजलेला सदरा मला लख्ख आठवतो. दिवाळीत आईला सहज विचारलं. ती म्हणाली, "अगं, तू कुठे होतीस तेव्हा? कांजिण्या निघालेल्या तुला, मामाकडे होतीस." सदरा अजून दिसतो. पण आता कोणाशी जुन्या गोष्टीवरून वाद निघाला की मी "मला पक्कं आठवतंय" असं म्हणत नाही. नऊ महिन्यांत या विषयानं मला दिलेली सगळ्यात मोठी गोष्ट हीच.

आता तक्रारी. तासिका तत्त्वावरच्या मॅडम दिवाळीनंतर आल्याच नाहीत. दोन महिने नुसती डिक्टेशनं झाली. अभिसंधान (अनुभवातून वागणं जडणं), प्रबलन (परिणामामुळे एखादं वागणं पक्कं होणं) हे शब्द परीक्षेपुरते पाठ झाले, त्यामुळे अर्ध्या वर्गानं 'ऋण प्रबलन म्हणजे शिक्षा' असं लिहिलं. ते चूक आहे. दुकानात पोर भोकाड पसरतं, आई गोळी देते, रडणं थांबतं. गोळी मिळाली म्हणून पोराचं रडणं पक्कं झालं, ते धन प्रबलन. कटकट थांबली म्हणून आईचं गोळी देणं पक्कं झालं, ते ऋण प्रबलन. शिक्षा कोणालाच झालेली नाही. एवढं उदाहरण दिलं असतं तरी पुरलं असतं. आणि कोलकाता विद्यापीठात १९१६ पासून मानसशास्त्राचा विभाग आहे, गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ मध्ये मनोविश्लेषणाची संस्था काढली, हे मला ग्रंथालयात शोधून वाचावं लागलं. आमच्या नोट्समध्ये सगळी नावं परदेशी.

प्रवेश घेणार असाल तर आधी त्या कॉलेजच्या मागच्या वर्षीच्या एखाद्या विद्यार्थ्याला गाठून विचारा, प्रयोग खरोखर करून घेतात का. घेत असतील तर डोळे झाकून प्रवेश घ्या. नुसतं वाचून त्या चांदणीतलं काहीच कळणार नाही.

एक गोष्ट मात्र आधीच ठरवून ठेवा. आपण मानसशास्त्र शिकतोय म्हटल्यावर लोक मन मोकळं करायला येतात. फेब्रुवारीत जाऊबाईंची भाची आली. महिनाभर झोप नव्हती, जेवण जात नव्हतं. तिला समजावण्याइतकं ज्ञान मला नाही, ते एका वर्षात येतही नाही. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर लावून दिला, मराठीत बोलता येतं हे सांगितलं, आणि ती बोलत होती तोवर बाहेर पडवीत बसून राहिले.